माळेखालची चीर

—तिकडून नको, इकडून या. समोरून काय बघायचं, समोरून सगळ्या गाड्या सारख्याच, दोन दिवे आणि मधे तोंड. मागून बघा, मागून फार देखणी आहे. विक्रांत ना तुम्ही? यतिनचा फोन आला होता मघाशी — बाबा, वॉर्डात पेशंट बिघडलाय, मला निघता येत नाही, तो ब्रिस्बेनहून दोन तास गाडी मारून येतोय, त्याला गाडी दाखवा आणि फार बोलू नका. आता मी कधी फार बोलतो? आमची सून रेखा म्हणते, घरातला फ्रिज तुमच्यापेक्षा जास्त बोलतो. आज मराठी माणूस आला म्हणून जरा — बसा. त्या खोक्यावर बसा, रिकामं आहे. अशी सदतीस आली होती.

गाडी खोक्यांतून येते हे मला ठाऊकच नव्हतं. कराड डेपोच्या एस.टी. वर्कशॉपात चौतीस वर्षं काढली मी, सातवी शिकलेला माणूस, पण गाडी म्हणजे आख्खी येते आणि मग आपण ती सुटी करतो, एवढं पक्कं माहीत. इथं सगळं उलटं. साठ सालच्या कुठल्याशा इंग्रजी शर्यतीच्या गाडीची ही नक्कल — नक्कलच, यतिन स्वतः मान वर करून सांगतो. सांगाडा आणि अंग खोक्यातलं, इंजिन एका ठोकलेल्या जपानी गाडीचं. हौसेनं मागवली आणि सहा वर्षं पडून राहिली. रेखा खोक्यांवर कपडे वाळत घालायची. मग आमची ही गेली, मी इकडे कायमचा आलो, आणि दिवसभर करायचं काय हो? या टूवूंबा गावात गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि बस येते तिला आठवण झाली तर. शेजारी बॅरी आहे, तो कुंपणावरून हात करतो, ‘नो वरीज, मेट.’ त्याला मराठी येत नाही, मला इंग्रजी येत नाही, त्यामुळे भांडण म्हणून कधी झालं नाही.

तर उघडलं पहिलं खोकं. आठवडाभर मी एकटा खुडबुड करायचो आणि रविवारी दुपारी यतिन पुस्तक घेऊन यायचा. तो वाचणार, मी पिळणार. एरवी घरात आमचं बोलणं किती? — बरे आहात? बरा आहे. — संपलं. पण इथं बोलायचा. म्हणजे — तेरा नंबरचा पाना घ्या, हा नाही, तेरा — एवढंच, पण बोलायचा. एकदा ब्रेकचा पाइप वाकवता वाकवता आईचं बोलला. पाइप भलतीकडेच वाकला, पण बोलला. आणि खरं सांगू? मला चित्रं बघूनच सगळं कळत होतं. तरी मी म्हणायचो, यतिन, हे काही डोक्यात शिरेना, परत वाच. स्टिअरिंगचं एक पान त्यानं चार वेळा वाचलं. सर्जन माणूस, बिचारा — हे त्याला सांगू नका.

हा अंगठा बघा, चाक बसवताना चेपला. त्यानं लगेच गुंडाळला आणि पट्टीचं टोक आत दुमडून ठेवलं, सोडवताना नख लावायला लागू नये म्हणून. शाळेत असताना वह्यांना कव्हरं घालायचा तेव्हाही टेपचं टोक असंच दुमडायचा. सवय काही जात नाही.

पण तुम्हाला घ्यायचीच आहे का? नाही, घ्या, मी कोण नको म्हणणारा. छप्पर नाही तेवढं. दारंही नाहीत. हिच्यात बसायचं नसतं, पडायचं असतं. मी एकदा पडलो, तर काढायला यतिन आणि बॅरी दोघं लागले, एक काखेत, एक पायाशी, आणि रेखा बाजूला उभी राहून व्हिडिओ काढत होती. डिकीत पोळीचा डबा मावतो, भाकरी असेल तर मांडीवर धरायची. इथं गारा पडतात लिंबाएवढ्या, त्या सरळ डोक्यात. लग्न झालंय ना तुमचं? तिला विचारलंत? विकायचं रेखानं काढलं. तिचंही चूक नाही, झाली पूर्ण तर गॅरेज मोकळं करा म्हणाली. यतिन म्हणाला, बरं. तो सगळ्यालाच बरं म्हणतो, माझ्यावर गेलाय. जेवता जेवता जाहिरात टाकली दोघांनी. गाडी जाईल, मग रविवारी इथं कशाला येतोय कोण —

नका! ती झेंडूची माळ नका काढू. दसऱ्याची आहे. वाळली असली तरी देवाची — दिसली चीर? बरं. दिसली तर दिसली.

अहो, एस.टी.त चौतीस दसरे बंपरवर नारळ फोडला मी. त्या बंपरला म्हैस धडकली तर म्हशीनंच माफी मागावी. सवयीनं इथंही हाणला. हिला बंपरच नाही. नारळ फुटला नाही, नाक फुटलं. नारळ गडगडत बॅरीच्या अंगणात, आणि तो परत आणून देतोय, नो वरीज! घरात कुणी नव्हतं, मग घातली माळ वरून. मला वाटलं पत्रा आहे. फायबर असतं हे मला कुठून —

काय? हो, घासलं मीच. दोन महिने घासलं, पाणी लावून लावून. मग पत्रा कसा वाटला म्हणजे — वकील आहात का हो तुम्ही? रेखा तर कॉम्प्युटरचे म्हणाली. हाताला सवय असते, सांगितलं ना. आता नारळ आधी बाजूच्या दगडावर फोडता आला असता, दगड होता तिथं, पण... पूर्ण झाली होती हो. एक नट शिल्लक नव्हता. नटबोल्टचे श्रीखंडाचे डबे धुऊन पालथे घातले होते मी. दसऱ्याआधीच्या रविवारी यतिन त्या दारात उभा राहिला, म्हणाला, झालं की बाबा सगळं. आणि गेला आत. मी दिवेलागणीपर्यंत इथंच, तेरा नंबरचा पाना हातात धरून. मला वाटलं, आणखी दोन-तीन रविवार, फार नाही. पण मारल्यावर सांगायचं धाडस होईना.

बॉनेट? उघडा. आता काय लपवायचं. मी दसऱ्यापासून हात लावला नाही, बघवत नाही मला. पुढून धरून वर — हां. आत किती खोल गेलीय ते — थांबा. जरा सरका. हे पांढरं काय? मी नाही लावलं. ही इस्पितळातली चिकटपट्टी आहे. चिरेवर आडवी, टाके घातल्यासारखी... एक, दोन, चार, सहा. आणि टोक — टोक दुमडलंय. सगळ्यांची दुमडलीत.

...

बोलला नाही. माळही परत होती तशी घातलीय.

विक्रांत, तुम्हाला फोनवर काय म्हणाला तो? गाडीची किंमत बिंमत? नाही? मग? — ‘बाबांना विचारा’? एवढंच? वॉर्डात खरंच कुणी बिघडलंय का हो?

बॉनेट लावा. हळू, पट्ट्या सुटतील. माळ घाला वर, होती तशी. चहाचं विचारलं असतं, पण तुम्हाला दोन तास जायचंय, आणि मला ते श्रीखंडाचे डबे उताणे करायचेत. उद्या रविवार आहे. निघा तुम्ही.