माईकमधली टिकटिक

स्टुडिओच्या अर्धवट उघड्या दारातून रेकॉर्डिस्ट, गिटार घेतलेले एक काका आणि त्यांची बायको यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“काका, घड्याळ बाहेर ठेवा. हे बारीक कंडेन्सर माईक टिकटिकही पकडतात.”

“मी घड्याळ घातलेलंच नाही.”

“हृदयाची झडप बदललीय त्यांची, दादा. तीच वाजते.”

“तुला कुणी विचारलं?”

“मग माईक छातीपासून लांब सरकवतो. पण काका, मघापेक्षा टिकटिक जलद झालीय.”

“ऐकलंत? उठा आता.”

“परवा पुन्हा दवाखान्यात भरती व्हायचंय. धून आजच पुरी करू दे.”

“आधी नुसतं बसायचं. गिटार इकडे द्या. दादा, माईक होता तिथेच आण आणि चालू ठेव. टिकटिक सावकाश झाली की मला सांग.”