अभ्र्यावरचा अंगठा

नाही हो, बादलीत हात घालून मी रडलो हे कुसगावच्या पाठात येतं, मूळ हकिगतीत ते नाही! तुम्हाला सांगतो, या हकिगतीचे आज तीन पाठ प्रचारात आहेत. एक कुसगावचा, माझ्या मेहुणीचा, नंदाचा. त्यात मी बादलीपाशी रडतो. दुसरा भाज्याचा, भागुबाईंचा. त्यात मी मोरीच्या उंबऱ्यावर रडतो आणि ऐकणाऱ्याला वेळ असेल तर शेजारीपाजारीही रडतात. तिसरा माझा. तो सगळ्यांत लहान, आणि त्यात मी रडत नाही. एवढं पक्कं धरा.

गोष्ट मुळात एका उशीच्या अभ्र्याची. माझ्या बायकोकडे, रेणुकाकडे, तिच्या आईच्या वेळचे भरतकामाचे खाके होते. खाका म्हणजे काय, पातळ कागदावर नक्षी काढायची आणि रेघेरेघेवर सुईनं भोकं पाडायची. तो कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवला की खाली निळ्या ठिपक्यांचा राघू उतरतो. साठ वर्षं झाली त्या कागदाला, अजून राघू उतरतो! ठिपक्यांवर धागा भरून घ्यायचा, मग पहिल्या धुण्यात नीळ निघून जाते. जावीच लागते. पद्धतच तशी आहे.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तिनं एक अभ्रा छापला. दोन राघू, मध्ये आंब्याची डहाळी... आणि कागद उचलताना कोपऱ्यात उमटलेला तिचा अंगठा. निळा. रेघ न् रेघ दिसत होती. माझं तोंड पाहून म्हणाली, "एवढं बघू नका, धुतल्यावर जातोय तो." ती परत आली नाही. अंगठा राहिला.

आता सांगा, काय करायचं त्याचं? फ्रेम करा म्हणाल. लोणावळ्यात? अहो, आमच्याकडे पावसाळा संपेतो काचेतले पूर्वजसुद्धा बुरशीनं हिरवे होतात, तिथं नीळ किती टिकणार! आठ दिवसांनी पाहावं तर एक रेघ कमी, पंधरा दिवसांनी आणखी एक... तेव्हा ठरवलं, अंगठा भरून घ्यायचा. धाग्यानं, रेघेवर रेघ. रडत बसलो नाही. सरळ लोकलनं मळवलीला उतरून भाजे गाठलं.

भागुबाई म्हणजे रेणुकाची भरतकामातली मैत्रीण. अभ्रा उलटसुलट करून म्हणाल्या, "आंगठा? आंगठा कुनी भरतं व्हय, भाऊ? आंगठा खरेदीखतावर असतो!" मग माझ्या हाताकडे पाहिलं. "आन् हे काय, सुई धरलीया का खुरपं? ह्या हातानं आंगठा भराल तर बाईचं बोट न्हाई, बटाटा व्हईल बटाटा! आदी राघू भरा. हात बसला की मग आंगठा."

सोप्याकडून अवघडाकडे... सल्ल्यात खोट काढता येते का? नाही ना? मी मानला. अंगठा आणखी विरू नये म्हणून अभ्रा तांदळाच्या कोरड्या डब्यात ठेवत तीन महिने राघू भरले! पहिल्याची चोच दोनदा उसवली. शेपटीचा टाका इतका आवळला की अभ्रा चुण्या पडून गोळा झाला. भागुबाई म्हणतात कशा, "ह्यो राघू हाय का वाफवल्यालं वांगं?" दुसरा मात्र उतरला. डहाळीही उतरली. बराच वेळ बोट फिरवून म्हणाल्या, "जमलं की वो, भाऊ. तिला लय आवडलं असतं." तेव्हाही मी रडलो नाही. नाक ओढलं, पण सर्दी होती.

सोमवारी अंगठ्याला सुरुवात करायची ठरली. निळा धागा आणला, त्याचा एकेक पदर सोडवून ठेवला.

रविवारी नंदा आली. बहिणीमागे तिच्या घरासाठी करावं ते सगळं तिनं केलं: डबे घासले, पडदे उतरवले, चादरी भिजवल्या... मी दूध आणायला गेलो. वीस मिनिटं हो, वीस! परत येतो तर दोरीवर अभ्रा. पांढराशुभ्र.

"भावोजी, राघू काय सुरेख आहेत! ताईनं भरलेले ना? कोपऱ्यात कसलासा डाग होता, चांगला घासून काढला बघा."

ताईनं भरलेले ना!... डाग कसला ते सांगितलं. रडली ती, पाठभेद बहुधा इथंच शिरला. मग पदरानं डोळे पुसत म्हणते, "खाका आहे ना, भावोजी? परत छापू या."

मी म्हटलं, "राघू छापता येतील गं."

एकदम सुचलं म्हणून मी विचारलं, "नंदा, ते पाणी कुठाय?"

"कुठलं?"

"धुण्याचं. निळं."

"कढीपत्त्याला घातलं. वाया कशाला घालवायचं?"

संध्याकाळी तिनं आमटी टाकली आणि कढीपत्ता तोडायला अंगणात निघाली. मी दारात आडवा उभा राहिलो. ती मागे फिरली. फोडणी नुसत्या मोहरी-हिंगाची दिली. मी आजही तशीच देतो.