न चाखता केलेली पारख

मंडळी, ऐका. मथुरा गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी असाच उभा होतो. पलीकडच्या गावात, हातात चिपळ्या. मथुरा म्हणजे माझी बायको. कीर्तन अर्धं टाकून निघालो. वाटेत गाडीत एक प्रश्न मनात आला, तो अजून गेलेला नाही. आज तुम्हालाच विचारतो – चव कुणाला कळते? जो खातो त्याला, की जो खात नाही त्याला?

तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय प्रश्न? खाणाऱ्यालाच. थांबा जरा.

आमची मथुरा वाईनच्या कारखान्यात कामाला होती. हसू नका. बुवाची बायको, गळ्यात तुळशीची माळ, आणि वाईनचा कारखाना! पण तुम्ही बुवाला नारळ देता, आणि नुसत्या नारळावर चूल पेटत नाही. चाखणीच्या खोलीतले काचेचे ग्लास ती धुवायची. थेंब कधी जिभेला लावला नाही.

एकदा ती डबा विसरली, म्हणून मी घेऊन गेलो. खोलीत मालक दौलतराव गायखे होते, आणि मुंबईहून आलेले परुळेकर साहेब. हे साहेब वाईनची परीक्षा करणारे. समोर तांबडी वाईन. फ्रान्समध्ये बोर्डो नावाचा मुलूख आहे, तिथल्या पद्धतीने दोन जातींच्या द्राक्षांची केलेली, दीड वर्ष लाकडी पिंपांत मुरवलेली. अशी सहा पिंपं.

साहेबांनी ग्लास पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग पाहिला. ग्लास गोल फिरवला. नाक आत घातलं. घोट घेतला, तोंडात घोळवला – आणि थुंकला! मला वाटलं, याच्यापेक्षा माळकरी बरा. त्याला थुंकायचेही कष्ट नाहीत.

साहेब म्हणाले, "दौलतराव, ही मुकी आहे, वासच देत नाही. आंबट, आणि वर लाकूड. स्वस्तातल्या मालात मिसळून टाका."

"सगळी?"

"सगळी."

दौलतराव बोटांवर पिंपांचा हिशेब करू लागले. मथुरा ग्लास न्यायला आली. उचलला, वास आला तशी दारात थांबली आणि मालकांना म्हणाली,

"दादा, थांबा जरा. ही मेलेली नाही. झोपलीय."

मी म्हटलं, "अगं गप. जाणत्या माणसांत बोलू नये." तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेब हसले. "चाखलीत वाटतं?"

"माळ आहे गळ्यात."

"मग कसं कळलं?"

"नैवेद्य चाखून करतात का, साहेब? चाखला की उष्टा झाला. चाळीस वर्षं वरणातलं मीठ मी वाफेवर ओळखते. हिच्यात खाली जांभूळ आहे. आणि नातवाच्या पेन्सिलीला टोक काढताना येतो ना, तसला वास. वरून झाकण बसलंय. तुम्ही तळघरातून गार आणलीत आणि लगेच घोट घेतलात. मोठ्या भांड्यात ओता. तासभर मोकळी ठेवा."

"आणि चुकलीस तर?" दौलतरावांनी विचारलं.

"तर उद्यापासून कामावर येत नाही."

घर तिच्या पगारावर चाललं होतं.

तास झाला. साहेबांनी ग्लासात नाक घातलं, ते बाहेर काढेचनात. मग घोट घेतला. या वेळी थुंकला नाही, गिळला. ग्लास दोन्ही हातांनी खाली ठेवला आणि डोळे मिटून बसले. वास खोलीभर पसरला होता. तो मलाही आला, मंडळी. आधी जांभूळ. मग ताजं तासलेलं लाकूड. मग आणखी काहीतरी, त्याला माझ्याकडे नाव नाही. मी आपोआप पायांतल्या वहाणा काढल्या. का काढल्या, विचारू नका.

"दर श्वासाला निराळी," साहेब हळू म्हणाले. "आणि मी ही घालवायला निघालो होतो."

मग माझ्याकडे वळले. "बुवा, तुम्ही रोज यांच्या हातचं जेवता. कसं असतं?"

मी म्हटलं, "बरं असतं."

मथुरा हसली आणि ग्लास धुवायला गेली. त्यानंतर ती तीन वर्षं होती. तीन वर्षं मी तसाच जेवलो.

आता सांगा, चव कुणाला कळली? पहिलं ताट देवाला, दुसरं मला, आणि निवलेलं तिला. खाल्लं मी, कळलं तिला. परुळेकर साहेबांनी निदान एक तास वाट पाहिली. मी ताट आलं की हात घातला.

तुम्ही आता घरी जाल. ताट पुढ्यात येईल. घास घेण्याआधी थांबा, वाफ घ्या, आणि काय कळलं ते करणारीला सांगा. ती ऐकायला आहे तोवर सांगा.

माझा स्वयंपाक आता मीच करतो. वरणाच्या वाफेवर नाक धरतो, मीठ कळत नाही. मग चाखावं लागतं, आणि उष्टं देवापुढे ठेवता येत नाही. खडीसाखर ठेवतो. अकरा महिने झाले, आमच्या देवाला शिजवलेला नैवेद्य अजून दाखवलेला नाही.