अंगणातली माती

जुनं घर विकायला काढलेल्या बाई माती तपासणीच्या कार्यालयात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागच्या बाकावर दुसरंच एक घर विकत घ्यायला निघालेलं जोडपं हातात अहवाल घेऊन बोलत होतं.

"बघ, माती एक नंबर! भुसभुशीत, कसदार."

"कसदार? भिंतींना फुलं येणार आहेत का? अहो, तिथल्या भेगेत माझा अख्खा हात गेला."

"जुनं घर आहे. भेगा असायच्याच."

"आणि दार लागत नाही, तेही वयामुळेच? माती काढली कुठून तुम्ही?"

"अंगणातून."

"अंगणात कुठून?"

"जमीन दगडासारखी होती गं. कुदळ नुसती उसळत होती. मग मालकच म्हणाले, पायरीजवळच्या कुंडीतली घ्या."

"वा! मग घर कुंडीतच लावू या. रोज पाणी घातलं की वाढेल."

"तीही त्यांच्याच अंगणातली ना!"

"हो तर. वर खतही फुकट दिलं. केवढं मोठं मन माणसाचं!"

"पुढचे या!" खिडकीतून हाक आली.

बाई उठल्या. पिशवीतलं गुलाबाचं वाळकं पान त्यांनी हळूच काढून मुठीत चुरगाळलं.

"माती कुठली?"

"अंगणातली," बाई म्हणाल्या.