मोठ्या पडद्यावरचे आकडे

तुम्ही हसाल, पण मोबाईलमधला एक गेम कॉम्प्युटरवर टाकताना मला घाम फुटला होता. सांडोर गावची माझी मावशी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, सारखे आकडे जुळवून दुप्पट करायचा तो गेम रोज खेळायची. हल्ली म्हणायला लागली, "मोबाईलवर फार बारीक दिसतं ग." मोठं दिसलं की झालं, असं मला वाटलं. म्हणून तिच्या कॉम्प्युटरवर आधी मोबाईलचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं, मग त्यात तो गेम. मध्येच जाहिरातीचं गाणं एवढ्या जोरात वाजलं की मी खुर्चीतून उठलेच.

"व्हायरस आला वाटतं," मी म्हटलं.

"तूच व्हायरस आहेस. बस खाली," मावशी म्हणाली.

शेवटी वाटीएवढाले आकडे पडद्यावर आले. तिला बाणांची बटणं दाखवून मी चहा टाकायला गेले. बाहेरच्या खोलीतून बटणांची टकटक ऐकू आली, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

चहा घेऊन आले तर पडद्यावर मधोमध 'गेम ओव्हर', आणि मावशी बटणं दाबतेच आहे.

"मस्त दिसतंय ग. बघ, आता पाचशे बारा होतील."

मी कप टेबलावर ठेवला. "मावशी, गेम संपलाय."

तिची बोटं थांबली. "कधी?"

मी नवा डाव सुरू करायला हात पुढे केला.

"रविवारच्या मिस्सेला चर्चमध्ये बायबलचं वाचन करायचं सोडलं ना मी," ती हळूच म्हणाली, "ते घशामुळे नाही ग. पण तुझ्या आईला घसाच सांग."