चाकापुढची लिंबं

चहा खाली ठेवा रं, हसताना सांडंल. आमचे दाजी, म्हंजे आक्काचे मालक, म्हणाले, "मेस्त्री कशाला? पिकअपचा गिअरबॉक्स आपणच उतरवू की!" क्लच गेला हुता; दोन दिवस अंगणात लोळून आम्ही नवी क्लच प्लेट बसवली आन् गिअरबॉक्स परत चढवला. नट एकबी उरला न्हाय, म्हणून लई फुगलो हुतो. आईनं गाडीला हळद-कुंकू लावून पुढच्या चाकांपुढं लिंबं ठेवली.

दाजींनी ऐटीत पहिला गिअर टाकला. गाडी सर्रकन मागं जाऊन पाण्याच्या बॅरलवर आदळली. लिंबं जाग्यावरच.

"देवाशप्पत, पहिलाच टाकलाय!" दाजी ओरडले.

गिअरच्या केबली उलट्या जोडल्यात, हे माझ्या डोक्यात शिरायच्या आत आई म्हणाली, "जावईबापू, आता रिव्हर्स टाका. लिंबं फुटायला पायजेत."