बर्फाखालचं सूत

नाय नाय, तिथं पाय नका ठेवू विहीणबाई — त्या ओल्या पोत्याच्या अलीकडेच राहा — आणि पंख्याच्या बटणाला तर हातच लावू नका! उकडतंय, कळतंय मला, पण पंखा लागला की ही सगळी भुकटी उडणार, तुमच्या नाकात, माझ्या डोळ्यात, आणि त्या पांढऱ्या भिंतीवर. रंगाची पावडर आहे ती. कोरडी असते तोवर दिसतसुद्धा नाय मेली, आणि जरा ओल लागली की जिथं पडली तिथं निळी होते — परवा मांजर फिरलं इथून, सगळ्या पडवीभर पावलं, अजून घासतेय मी. बसा त्या खुर्चीत. अशा अचानक? सावर्ड्याहून देवरूखला, या भर दुपारी, एकट्या — हो हो, सांगाल हो, सांगा सावकाश. आधी टेका तर. मला एवढी ही पावडर टाकून होऊ दे, बर्फ काय तुमच्या-माझ्यासाठी थांबतोय?

बघा, सोपं आहे तसं. आधी सूत धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवायचं, मग पिळायचं, मग टबावर ही जाळी — आंबोशी वाळवायची जाळी आहे हो, ओळखली नाय? — जाळीवर सूत पसरायचं, त्यावर बर्फाचा ढीग, आणि ढिगावर चहाच्या गाळणीने पावडर भुरभुरायची. आणि मग हात बांधून बसायचं. बर्फ वितळेल तसा रंग खाली उतरतो, त्याच्या मर्जीने. मध्ये ढवळायचं नाय, उचलून बघायचं नाय. तेच तर जमत नाय मला. बर्फ सगळा मैनाच्या फ्रीजातला, शेजारच्या — तिच्या फ्रीजात तिची भाजी कमी आणि माझे डबे जास्त. एकदा बाजारातल्या मासळीवाल्याकडून लादी आणली, तर सूत पंधरा दिवस बांगड्यासारखं घमघमत होतं! हसा की जरा. हसत नाय तुम्ही. — नाय, थांबा, बोलू नका, गाळणी हातात आहे, तोंड उघडलंत तर पावडर जाईल घशात.

दिशानेच शिकवलं मला हे, मोबाईलवर दाखवून. "आई, सुया बाजूला ठेव, जरा रंग कर," म्हणाली. ती... बरी असेल ना. असेलच. काल रात्री ॲडमिट केलं एवढा जावईबापूंचा, गौरवरावांचा मेसेज आला होता, तो वाचला मी. बाळंतपणाला वेळ लागतोच, पहिलं असो की दुसरं — मला स्वतःला दिशाच्या वेळी दोन दिवस लागले होते, सुईण कंटाळून जेवून आली. म्हणजे वेळ लागला म्हणून काय वाईटच असतं असं नाय. असं तुम्हालाही माहीत आहे. चहा टाकू? नको? बरं, पाणी? तो तांब्या ठेवलाय बघा तुमच्या हाताशी, आत्ताच भरलाय. — नको? पाणीपण नको?

गाडी तुमचीच ना रस्त्यावर? इंजिन चालू आहे अजून. बंद करायला सांगा की ड्रायव्हरला, डिझेल काय फुकट येतं? लगेच निघायचंय? का लगेच निघायचंय? — नको नको, राहू दे, मी आपलं सहज विचारलं. माझा फोन ना? बिघडलाय तो. म्हणजे चार्जिंग नव्हतं. सकाळपासून लाईट जा-ये करतेय... आहे हो आत्ता, आत्ता आहे लाईट, मघाशी नव्हती. तुम्ही वकिलासारखं बघू नका माझ्याकडे.

रंग कुठला म्हणून विचारा ना. विचारा! डबीवर लिहिलंय करडा. पण करडा काय एकटा असतो? त्यात दहा रंग कोंबलेले असतात, आणि बर्फाने हळूहळू पाणी सोडलं की ते वेगळे होतात — गुलाबी एकीकडे पळतो, निळा एकीकडे, कडेला पिवळट काहीतरी. आपण करडा म्हणून टाकायचा आणि काय हाती येईल ते देवाला माहीत. मला तेच आवडतं आता. कुठला रंग, किती, कुठे, काही म्हणजे काही ठरवायचं नाय. मागल्या वेळी सगळं मीच ठरवलं होतं ना, पांढरंशुभ्र पाहिजे, अमुकच माप पाहिजे, टोपऱ्याला अशीच झालर — जाऊ दे. ही पुण्याच्या बाईंची ऑर्डर आहे. त्यांना शालीसाठी हवंय.

काय बघताय एवढं वाकून? बर्फ सरकवू नका! सूत असंच असतं, नागमोडी. नवीन सूत — असतं कधीकधी तसं. अहो असतं म्हणते ना! तुम्ही विणता का? नाय ना? मग?

...नसतं. नवीन सूत सरळ असतं. उसवलेलं सूत असं होतं, टाका टाका आठवत बसल्यासारखं. ओळखलंत ना? ओळखलंत तुम्ही, तोंडावर दिसतंय तुमच्या. तेच आहे. कुंची, टोपरं, झबलं, ते एवढे एवढे मोजे, सगळं उसवलं मी. ट्रंकेत तळाशी होतं, दिशाला सांगितलं होतं नदीत सोडलं म्हणून. नाय सोडलं. कसं सोडणार? बोटं झिजली होती माझी त्यात. काल रात्री मेसेज आला आणि बसले उसवत. आणि आता हे रंगवतेय. हां, बाळासाठीच. पुण्याला कुणी बाई नाय नि बिई नाय. झालं समाधान?

आता लगेच कपाळाला हात लावू नका! मला माहीत आहे, पोटातल्या जिवासाठी आधी काही शिवू नये, विणू नये, पाळणा घरात आणू नये, बाळ हातात आल्यावर कुणाचं तरी जुनेर आधी घालावं. मला कुणी शिकवायला नको, मी याच मुलखात वाढले. पण पहिलं नातवंड, माहेरी बाळंतपण, माझ्या घरात, माझ्या हातात सुया — राहवलं नाय, विणलं. मैनाने सांगितलं होतं नको म्हणून, मी हसले तिला. आणि झालं ते बाळ रडलंच नाय. पुढचं तुमच्या घरात काय काय बोललं गेलं ते आलं माझ्या कानावर, विहीणबाई. आजीने आधीच बांधून ठेवलं त्याला, असं! तुम्ही नसाल बोललात, तुमच्या जाऊबाई बोलल्या असतील, पण तुम्ही गप्प बसलात ना? अहो, त्याच्या मानेला नाळेचा वेढा बसला होता! नाळेचा! डॉक्टरने तुमच्यासमोर सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं. माझं सूत नव्हतं ते. माझं सूत ट्रंकेवर घडी करून ठेवलेलं होतं, फुलं घालून.

सारखं सारखं तोंड उघडू नका, मी बोलतेय. या वेळी बाळंतपण तुमच्याकडे, ठीक, दुसरं सासरीच असतं, रीतच आहे. पण मला साधं यायलासुद्धा सांगितलं नाय कुणी. मी मैनाला काय सांगितलं माहितेय? तिकडे दवाखान्यात एकाच माणसाला आत सोडतात, म्हणून नाय जात. बाजारात दोघी-तिघींना तेच सांगितलं. मला वाटायचं तुम्हीच अडवलंत. वाटायचं काय, मी तसंच धरून चालले, तेवढंच बरं वाटायचं. पण तुम्ही नाय अडवलंत. तिनेच फोन केला होता. पंधरवड्यामागे. माझी दिशा, जिला मी पाटीत घालून शेतावर नेली, ती म्हणाली, "आई, या वेळी तू येऊ नको गं. मला भीती वाटते." माझी! माझी भीती वाटते तिला! मी म्हटलं, बरं बाय, नाय येत. भांडले नाय, रडले नाय. म्हटलं, तुझ्या जिवाला बरं वाटेल तसं कर. आणि फोन ठेवून त्या मागल्या दारी जाऊन बसले तर अंधार झालेला कळला नाय मला.

आणि हे कपडा नाय. हे बघा नीट. हे सूत आहे. सुताला कुणाचं माप नसतं, सुताची काय कुंची नसते. मी एक टाका घातलेला नाय. मग कशाला कुणाची नजर लागेल, काय चुकलं माझं? हात मोकळे ठेवले असते तर वेड लागलं असतं मला. सकाळपासून हेच करतेय, बर्फ फोडतेय, टाकतेय, पुन्हा मैनाकडे पळतेय. म्हटलं, हा ढीग वितळेपर्यंत काही कळू नये, नंतर काय कळायचं ते कळू दे. म्हणून फोन — तांदळाच्या डब्यात आहे तो. बंद करून खाली पुरून ठेवलाय मीच. वाजलाच नाय तर कोण काय सांगणार?

आणि आता तुम्ही दारात. केस विंचरलेले नाय, पदर कसातरी, चपला पायात तशाच, गाडी चालू. चहा नको, पाणी नको. मला काय कळत नाय? वाईट सांगायला आलेलं माणूस त्या घरचं पाणी घेत नाय. माझा बाप गेला तेव्हा पोफळीहून माझा मामा आला होता सांगायला, असाच, उन्हातून, तोंड कोरडं पडलेलं, पण तांब्याला हात लावला नाय त्याने. मी लहान होते, पण तेवढ्यावरून कळलं मला. तर आता तुम्ही मुकाट्याने — सांगू नका. सांगा. नाय, सांगू नका! कोण? बाळ की माझी दिशा? दोघं? देवा रवळनाथा, दोघं नको रे —

काय करताय? ...

प्यायलात? तुम्ही पाणी प्यायलात?

सगळा तांब्या रिकामा केलात. अहो, मग आधी का नाय — मी बोलू दिलं नाय? हां. नाय दिलं. बोला आता. बसते मी. हे बघा, बसले. बोला.

नाय झालेलं अजून. कळा मंदावल्या. संध्याकाळी ऑपरेशन. बाळाचे ठोके... चांगले आहेत? कुणी सांगितलं, डॉक्टरने की गौरवरावांनी? डॉक्टरने. तुम्ही स्वतः ऐकलेत? कसे येतात — भरभर? घोड्यासारखे? बरं. बरं. मग तुम्ही इथं कशाला आलात तिला सोडून? — फोन लागत नव्हता म्हणून. एवढ्यासाठी? सकाळपासून लावताय, लागत नव्हता म्हणून गाडी करून — अगो बाई. मी मेला फोन पुरून बसले, तो लागला नाय म्हणून तुम्ही आलात, आणि तुम्हाला बघून मी... माझं डोकं ना, खलबत्त्यात घालून कुटायला पाहिजे.

पण फोन कशाला लावत होतात?

पुन्हा सांगा.

कुणी बोलावलंय? तिने? तिने स्वतः? — काय शब्द होते तिचे, तिचेच शब्द सांगा, तुमचे नको. "आईला आण. ती आल्याशिवाय मी आत जाणार नाय." असं म्हणाली? डॉक्टर रागावला तरी? ... मेली हट्टी. पहिल्यापासून हट्टी. शाळेच्या पहिल्या दिवशी दाराची चौकट धरून उभी होती, तीन माणसं लागली सोडवायला. थांबा, ही पिशवी घेते दारामागची. हो, भरलेलीच आहे, आठवडा झाला, कुणाला सांगितलं नाय. अळीव आहे, डिंकाचे लाडू आहेत, माझं जुनं मऊ लुगडं आहे बाळाला पहिलं गुंडाळायला. ते तरी जुनेर आहे, त्याला काय हरकत नाय ना कुणाची?

का नको? का मान हलवताय? आणखी काही म्हणाली का?

...

"रिकाम्या हाताने ये म्हणावं."

असं म्हणाली. बाळंतिणीच्या आईने यायचं, रिकाम्या हाताने. लाडूसुद्धा नको? लुगडंपण नको? तिला माहीत आहे ना, मला हात हलवत जाता येत नाय कुठे? म्हणूनच सांगितलंन तिने. म्हणूनच.

बरं.

नाय, नाय वाईट वाटलं. ही ठेवली पिशवी. हे रबरी हातमोजे काढले. हा टबही इथंच, बर्फ वितळेल, रंग उतरेल, मैना बघेल नाय तर नाय बघणार, वाळून वाया गेलं तरी गेलं. फोन राहू दे तांदळात. चप्पल घालू ना, का तीपण नको? — हसलात! आता कशाला हसताय? उठा. दार मी ओढून घेते. तुम्ही पुढे बसा ड्रायव्हरशेजारी, मला मागे एकटीला बसू दे. आणि गाडीत माझ्याशी बोलू नका विहीणबाई, सावर्डे येईपर्यंत एक शब्द नको. मीपण नाय बोलत.